ओठांची साक्ष

९ सप्टेंबर

चि. मुंगी,

तुझ्या लेकीचा स्कार्फ इथे राहिला. राखाडी, काठाला बारीक रेघ असलेला. पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पडला होता, आज खोली झाडताना सापडला. धुऊन घडी करून सोबत पाठवतो आहे. आतल्या बाजूला तोंडाला लावायच्या पावडरीचे डाग होते, सगळे हनुवटीच्या जागी. दोनदा साबण लावला, पण निघाले नाहीत.

आई गेली त्या दिवशी तू आलीस, बरं केलंस. वीस मिनिटं बसलीस. पाणीही घेतलं नाहीस, हे शेजारच्या काकूंच्या मनाला लागलं. मला नाही लागलं. अठरा वर्षांनी बहीण दारात दिसते तेव्हा पाण्याचं काय घेऊन बसायचं.

लिहायचं कारण वेगळं आहे. त्वचारोगाच्या दवाखान्यात चोवीस वर्षं औषधांच्या खिडकीमागे बसतो आहे. समोर माणूस आला की नजर आपोआप त्याच्या कातडीवर जाते. तुझ्या लेकीच्या जबड्यावर आहेत त्या साध्या पुटकुळ्या नाहीत. खोल गाठी आहेत. दुखत असणार. कूस बदलली की जाग येत असणार. उजव्या गालावर दोन खड्डे पडलेसुद्धा आहेत, आणि पडलेला खड्डा पुन्हा पूर्ण भरून येत नाही. म्हणून निघताना मी तुला विचारलं, "दाखवलंस का कुणाला?"

तू म्हणालीस, "आपल्या कातडीला औषध लागू पडत नाही. तुला माहीत आहे, दादा."

पोरगी शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली आणि चपला पायात सरकवल्या. त्या घाईत पलंगावरचा स्कार्फ राहिला असेल.

मुंगी, ती पंधरा वर्षांची आहे. तिला दाखव. माझं एवढंच मागणं आहे. तुला औषध लागू पडलं नाही म्हणून तिलाही पडणार नाही, असं नसतं. प्रत्येकाची कातडी वेगळी असते.

आईच्या कपाटाचं काय करायचं ते कळव. घाई नाही.

तुझा,
दादा

१७ सप्टेंबर

चि. मुंगी,

तुझं उत्तर नाही. येईल असं धरून लिहिलंही नव्हतं. पण आपल्या गल्लीतला पोस्टमन रोज बरोबर सव्वाअकराला येतो, हे मला या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई नव्या पेशंटला काय सांगायच्या, आठवतं का तुला? "बारा आठवडे. त्याच्या आत आरशाला काही विचारायचं नाही." लोकांना तिसऱ्या दिवशी गाल गुळगुळीत हवा असतो. दोन आठवडे मलम लावतात, फरक दिसत नाही म्हणून फेकून देतात आणि मग जगभर सांगतात की औषध कुचकामी आहे. मीही तुला बारा आठवडे लिहिणार आहे. त्यानंतर त्रास देणार नाही.

काल मोरी तुंबली. जाळी काढून साफ करताना तुझी आठवण झाली. तू सतरा वर्षांची होतीस, माझा औषधांचा डिप्लोमा नुकताच पुरा झाला होता आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. तू ओट्यापाशी उभी राहून विचारलंस, "दादा, पण हे नक्की होतं काय रे?"

मी सांगितलं की कातडीखाली तेलाच्या बारीक पिशव्या असतात. वयात आलं की त्या जास्त तेल करतात. तेल बाहेर यायला नळी असते. नळीच्या आतल्या पेशी झडतात, एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. मागे तेल साचत राहतं. त्यात जंतूंचं फावतं. मग शरीर त्यांच्याशी भांडायला धावून येतं आणि जागा लाल होते, दुखते, पिकते. थोडक्यात, मोरी तुंबते तसं.

"म्हणजे माझ्या तोंडावर मोऱ्या आहेत?"

"सगळ्यांच्याच असतात. तुझ्या तुंबल्यात."

"आई, ऐकलंस? तुझा लेक एवढा शिकला आणि मला प्लंबरकडे जा म्हणतोय!"

आई म्हणाली, "आधी तळलेलं खाणं बंद कर." मी म्हटलं, तळलेल्याचा काही संबंध नाही. आई म्हणाली, "तुझ्या पुस्तकात नसेल."

त्या वर्षी तुला ती पांढरी जेल दिली होती, बेंझॉइल पेरॉक्साइडची. ती कातडीत शिरून प्राणवायू सोडते आणि त्याने जंतू मरतात. जंतूंना तिची सवय होत नाही, हा तिचा मोठा गुण. अवगुण असा की जिथे लागेल तिथला रंग उडवते. तुझा तो निळा टॉवेल आठवत असेल. महिनाभरात त्यावर पांढरे डाग पडले आणि आई तो दोरीवर पसरून म्हणाली, "हा काय जगाचा नकाशा काढलास का?" पुढे तू त्यात देश दाखवायचीस.

तो टॉवेल अजून आहे. तू गेल्यावर आई तोच वापरायची. नवे आणले तरी तोच. शेवटी ती गेली तेव्हा डोक्याखाली तोच होता.

भाचीला दाखवलंस का?

तुझा,
दादा

३० सप्टेंबर

चि. मुंगी,

मधला एक आठवडा चुकला. दवाखान्यात सालाबादची औषधमोजणी होती. डॉक्टरीणबाई आता बसत नाहीत, त्यांचा भाचा बसतो. हुशार आहे, पण पेशंटशी बोलताना पडद्याकडे बघतो. बाई समोरच्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवायच्या.

तुला वाटेल दादा पत्रं लिहितो की औषधांची माहितीपत्रकं. मला दुसरं काही नीट लिहिता येत नाही. म्हणून जे येतं तेच लिहितो.

तुझं जेलने पुरेसं भागलं नाही. मग रात्री लावायचं मलम आलं, बूच सैल करणारं. वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला. तू म्हणालीस, "वाटाण्याएवढ्याने काय होणार," आणि सुपारीएवढं फासलंस. दुसऱ्या दिवशी तुझं तोंड सोललेल्या बीटासारखं झालं होतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तर आतलं सगळं वर आलं. ते मलम लावल्यावर आधी वाढतं आणि मग कमी होतं, हे मी तुला सांगायला विसरलो होतो. तू रडलीस आणि मी म्हटलं, "हे चांगलं लक्षण आहे." तू उशी फेकून मारलीस.

त्यानंतर प्रतिजैविकाच्या गोळ्या, तीन महिने. त्या सूज उतरवतात. तीन महिन्यांच्या पुढे बाई देत नसत, कारण मग जंतू निर्ढावतात. त्या होत्या तोवर तू बरी होतीस. त्याच काळात तुला चष्म्याच्या दुकानात काम मिळालं.

त्या दुकानात तीन भिंतींना आरसे होते, चौथीला दार. गिऱ्हाईकाने चष्मा लावला की शेजारी उभं राहून त्याच्याबरोबर आरशात बघायचं, हे तुझं काम. पहिले दोन महिने तू घरी येऊन सगळ्यांच्या नकला करायचीस. मग गोळ्या संपल्या आणि गाठी परत आल्या. एक बाई चष्मा न घेताच गेल्या. मालक तुला म्हणाले, "मागे काचा घासायला एक माणूस कमी आहे, तू बस तिकडे काही दिवस." काही दिवसांचं काय झालं, ते तुलाच माहीत. अजून तेच काम करतेस. काम चोख करतेस असं ऐकून आहे.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस ती न्हाणीघरातला आरसा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलास. मी त्यानंतर कित्येक दिवस दाढी अंदाजाने करत होतो.

आणि मग कॅप्सूल्स. त्याबद्दल पुढच्या वेळी लिहितो. आज हात दुखतो आहे.

तुझा,
दादा

७ ऑक्टोबर

चि. मुंगी,

हात दुखत नव्हता.

कॅप्सूल्सबद्दल लिहायचं तर आधी आईबद्दल लिहावं लागतं.

औषधाचं नाव आयसोट्रेटिनॉइन. बाकीची औषधं तुंबलेल्या मोरीच्या एकेका टोकाला काम करतात. हे मुळाशी जातं. तेलाच्या पिशव्याच आकसून टाकतं. तेल नाही, तर बूच नाही, जंतूंना खायला नाही, भांडण नाही. पाच-सहा महिने घेतलं की बहुतेकांचा त्रास कायमचा जातो. बाई ते जपून देत, कारण ते घेताना कुणी गरोदर राहिलं तर बाळात मोठं व्यंग येतं. म्हणून बायकांना दर महिन्याला गरोदरपणाची तपासणी, लेखी कबुली, आणि औषध संपल्यावरही एक महिना सांभाळायचं. तेवढा महिना गेला की औषध अंगातून जातं. पुढे होणाऱ्या मुलाला त्याचा काही धोका नाही.

हे मी आईला सांगितलं. दोनदा, तीनदा सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मलाही तेव्हा सगळे हेच म्हणाले होते. काही होत नाही."

तुला हे कधी सांगितलं नाही. तुझ्या-माझ्यात आणखी एक भाऊ होता. मी सहा वर्षांचा होतो. आईला दिवस असताना ताप आला आणि कुणीतरी कसल्याशा गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनीच झालं असं काही सिद्ध झालं नाही, कुणी शोधलंही नाही. बाळ दोन दिवस होतं. मला दाखवलं नाही. मी दाराच्या फटीतून फक्त दुपटं पाहिलं. आई त्यानंतर डोकं दुखलं तरी गोळी घेत नसे. तू पोटात असताना तर तिने औषधाच्या दुकानावरून जायचं सोडलं होतं, पलीकडच्या फुटपाथने जायची.

तू ती लेखी कबुली सही करून घरी आणलीस. आईने कागद वाचला. त्यावर एक चित्र होतं, गरोदर बाईवर फुली मारलेलं. तू आत गेल्यावर आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "चेहऱ्याचं काय, चेहरा झाकता येतो. ते औषध तिच्या पोटात जाता कामा नये. तुझ्या हातातलं आहे."

मी म्हटलं, "आई, असं नाही करता येत."

ती म्हणाली, "मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं का?"

नव्हतं मागितलं.

आज एवढंच जमतं आहे.

दादा

८ ऑक्टोबर

मुंगी,

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तुला औषध लागू पडलं नाही. ते खोटं आहे. तुला औषध मिळालंच नाही.

कॅप्सूल्स पट्टीत येतात. मी तुला म्हटलं, या प्रकाशाने खराब होतात, मी तुला काळ्या बाटलीत काढून देतो. प्रकाशाने खराब होतात हे खरं आहे. म्हणून तुला संशय आला नाही. कंपाउंडर सांगतोय आणि तो सख्खा भाऊ. बाटलीत मी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल्स घातल्या. आकार तोच, रंगात थोडा फरक. खऱ्या पट्ट्या मी पत्र्याच्या डब्यात ठेवल्या.

पहिल्या महिन्यानंतर बदलीन असं ठरवलं होतं. आईची भीती थोडी निवली की. मला तुम्हा दोघींपैकी कुणालाच नाही म्हणता आलं नाही, म्हणून मी दोघींनाही हो म्हटलं. दुसऱ्या महिन्याला बाईंनी मात्रा वाढवली. मी बाटलीत दोनाऐवजी तीनच्या हिशेबाने घातल्या.

तू रोज जेवणाबरोबर घ्यायचीस. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्या तर जास्त अंगी लागतात असं मीच सांगितलं होतं, म्हणून भाकरीवर मुद्दाम लोणी घ्यायचीस आणि आईला म्हणायचीस, "बघ, औषध म्हणून लोणी. असा आजार सगळ्यांना होवो." दर महिन्याला ती तपासणी करून घ्यायचीस. तिथली बाई तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायची, तू घरी येऊन सांगितलं होतंस. ज्या गोळ्या तू घेतच नव्हतीस, त्यांच्यासाठी तू ते सोसलंस.

तिसऱ्या महिन्यात काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. तरी मी लिहितो, कारण मी खिडकीमागे होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं.

हे औषध घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचे ओठ सुकतात. फुटतात, सालं निघतात. बाई पेशंटला विचारत नसत की गोळ्या घेता का. त्या ओठ बघत. त्यांनी तुझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला. म्हणाल्या, "ओठ तर गुलाबपाकळ्या आहेत तुझे. रक्तातल्या चरबीतही तीन महिन्यांत काडीचा फरक नाही. गोळ्या कुठे टाकतेस?"

तू म्हणालीस, "रोज घेते. खरंच घेते."

"तू खोटं बोलायला शिकलीस, तुझ्या ओठांना अजून जमत नाही."

बाहेर बाकावरचे लोक हसले. तू उठून खिडकीपाशी आलीस. काचेच्या गोल भोकातून म्हणालीस, "दादा, तू सांग ना त्यांना. तूच देतोस ना मला."

मी म्हटलं, "बाईंना जास्त कळतं."

चार शब्द बोललो असतो तर. मी मोजले आहेत. "बाटलीत दुसऱ्याच होत्या, बाई." एवढंच पुरलं असतं.

बाईंनी औषध बंद केलं आणि केसपेपरवर लाल शाईने शेरा मारला. घरी आई म्हणाली, "घेतल्या असतील, नसतील, आता तो विषय नको." तू आईकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, "म्हणजे तुम्हीसुद्धा." पंधरा दिवसांत दुसऱ्या गावी काम बघून गेलीस.

तुझ्या चेहऱ्यावरचे खड्डे मी पाडलेले आहेत. त्याबद्दल क्षमा मागण्याइतकी माझी हिंमत नाही. पण तुझी कातडी खोटी नव्हती, औषधही खोटं नव्हतं. आपल्या घराण्याला औषध लागू पडत नाही असं काही नाही. हे तुझ्या लेकीला कळलं पाहिजे. मला शिव्या दे, पत्रं फाड, पण तिला दाखव.

दादा

२१ ऑक्टोबर

मुंगी,

त्या पट्ट्या अजून डब्यात आहेत, न फोडलेल्या. मुदत संपून कित्येक वर्षं झाली. असलं औषध टपालाने पाठवणं बरोबर नाही, म्हणून फक्त डब्याच्या झाकणावरचं लेबल सोबत जोडतो. तुझं नाव, तारीख, मात्रा, सगळं माझ्या अक्षरात आहे.

परवा मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ऐंशीला टेकल्या आहेत, पाय सुजलेले, पण नजर तीच. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

मग म्हणाल्या, "अठरा वर्षं मी शिकाऊ डॉक्टरांना ही गोष्ट सांगत आले. पेशंट खोटं बोलतो, ओठ खोटं बोलत नाहीत. हसून हसून सांगितली. मला या गोष्टीवरून ओळखतात पोरं."



"ओठ खरं तेच बोलत होते," त्या म्हणाल्या. "मी खिडकीच्या या बाजूचीच माणसं तपासत बसले. त्या बाजूला कोण बसलंय ते बघितलंच नाही."

मग त्यांनी मला जुना केसपेपर शोधून आणायला लावला. दवाखान्याच्या माळ्यावर होता. लाल शाईत लिहिलं होतं, "रुग्ण औषध घेत नाही. खोटं सांगते." त्यांनी ते स्वतः खोडलं नाही. पेन माझ्या हातात दिलं. मी खोडलं. खाली त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, "रुग्ण खरं सांगत होती. औषध कंपाउंडरने दिलं नाही," आणि सही केली. त्याची प्रत सोबत आहे. मूळ कागद बाईंनी ठेवून घेतला. म्हणाल्या, "आता ही गोष्ट पुन्हा सांगावी लागेल. जमेल तेवढ्यांना."

दवाखान्याच्या किल्ल्या मी त्यांच्या भाच्याच्या टेबलावर ठेवल्या. खिडकीत सध्या कुणी नाही. भाचा चिडला, मग म्हणाला, "काका, निदान नवीन माणूस मिळेपर्यंत तरी." मी नाही म्हटलं. मला एकदाचं नाही म्हणता आलं.

भाचीच्या जबड्यावरच्या गाठी मी पाहिल्यात. खड्डे पडायला लागले की डॉक्टर जेल-मलमात वेळ घालवत नाहीत, बहुधा सरळ कॅप्सूल्सच सुरू करतील. तू तुझ्या वेळचं सगळं सांग. डोळ्यांत बघून बोलणारा डॉक्टर शोध.

दादा

११ नोव्हेंबर

मुंगी,

नववा आठवडा संपला. पोस्टमन आता माझ्याकडे न बघता पुढे जातो. त्याला अवघडल्यासारखं होत असावं.

तुझ्या मनात येईल की आईला काही वाटलं होतं का. मलाही ते नीट माहीत नाही. आम्ही दोघं अठरा वर्षं एका घरात राहिलो आणि त्या बाटलीबद्दल एक शब्द बोललो नाही. तुला लेक झाली हे कळलं तेव्हा आई दिवसभर पलंगावर बसून होती. शेवटी तिने फक्त विचारलं, "धड आहे ना सगळं?" मी म्हटलं, धड आहे. मग ती उठून जेवली.

जायच्या आठवडाभर आधी एका दुपारी मी तिचं तोंड पुसत होतो, त्याच निळ्या टॉवेलने. ती एका पांढऱ्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "हा कुठला देश म्हणायची ती?" मला आठवेना. मी उगाच एक नाव सांगितलं. तिने मान हलवली. "नाही. तो नव्हे." मग म्हणाली, "गोळ्या फेकल्यास का रे?"

मी म्हटलं, "नाही."

"फेकू नकोस. ती खोटं बोलत नव्हती."

एवढंच. मला वाटतं ती मला सांग म्हणत होती. मला हेही वाटतं की हे मी माझ्या सोयीने लावलेलं आहे. तू आलीस त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. तू म्हणालीस, "तुला माहीत आहे, दादा," आणि मी तुम्हाला नुसता दारापर्यंत सोडून आलो.

टॉवेल कपाटात ठेवला आहे. तुला हवा असेल तर आहे, नको असेल तरी आहे.

दादा

२ डिसेंबर

मुंगी,

आज बारा आठवडे झाले. कालच एक पत्र लिहून ठेवलं होतं, निरोपाचं. ते फाडलं. सव्वाअकराला पोस्टमनने दारात थांबून हाक मारली.

पोस्टकार्डावर तुझं अक्षर. काचा घासणाऱ्या हाताचं, बारीक आणि सरळ. तीनच शब्द.

"तिचे ओठ सुकले."

वर मायना नाही. खाली नाव नाही. कशाला हवं. मी ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. मग न्हाणीघरात जाऊन दाढी केली. नीट, आरशात बघून.

तू मला काही विचारलेलं नाहीस. पण ओठ सुकले म्हटल्यावर काय करायचं हे सांगणं एवढंच मला येतं, म्हणून सांगतो. साधं व्हॅसलीन लावायचं, दिवसातून आठ-दहा वेळा, खिशात डबी ठेवायची. जिभेने ओठ ओले करायचे नाहीत, त्याने जास्त फुटतात. सालं ओढायची नाहीत. नाकातूनही रक्ताचा ठिपका येऊ शकतो, घाबरायचं नाही, आत थोडं व्हॅसलीन लावायचं. डोळे कोरडे वाटतील. उन्हात जाताना चेहरा सांभाळायचा, पण शाळेत स्कार्फ बांधून बसायची गरज नाही. दुसरं कुठलं जीवनसत्त्व, विशेषतः अ, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. पहिल्या महिन्यात गाठी वाढल्यासारख्या वाटतील. तेव्हा उशी फेकून मारली तर खुशाल मारू दे. पण गप्प गप्प राहू लागली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांना लगेच सांगायचं, वाट बघायची नाही. महिन्याच्या तपासणीला तू बरोबर जा. तिथली बाई वरपासून खालपर्यंत बघायला लागली तर तूही तिच्याकडे तसंच बघ.

आणि एक शेवटचं. हे तिला वाचून दाखव. कॅप्सूल्स पट्टीतच राहू देत. रोज तिची तिने फोडून घ्यायची. प्रकाशाने खराब होतात, बाटलीत काढून देतो, असं कुणी म्हणालं तर घ्यायच्या नाहीत. कितीही जवळचा असो.

मामाने दिल्या तरी नाही.